डिश आग्नेयेला वळवली तेव्हापासून

विजेचं बिल युनिटवर येतं. गॅस संपत आला की सिलिंडर हलका लागतो. दूध किती आलं ते कॅलेंडरवर मांडलेलं असतं. टीव्हीच्या बिलाला मात्र मीटर नाही. महिनाभर टीव्ही रात्रंदिवस चालू ठेवा, नाहीतर घराला कुलूप लावून गावाला जाऊन या, रक्कम तीच. म्हणून हा खर्च कोणाच्या नजरेत येत नाही. किराणा महागला की बायका बोलतात, पेट्रोल वाढलं की पुरुष बोलतात. टीव्हीच्या रिचार्जबद्दल कोणी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

मी वाईत राहते आणि पोस्टाच्या आरडीची, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायच्या पाच वर्षांच्या ठेवीची, एजंट आहे. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना म्हणून केंद्र सरकारची योजना १९७२ पासून आहे, तिच्यात एजन्सी फक्त बायकांनाच मिळते. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मी गंगापुरी, रविवार पेठ, सोनगीरवाडी अशी फिरते, हप्ते गोळा करते, प्रत्येकीच्या कार्डावर रक्कम लिहून सही करते आणि यादी करून पोस्टात भरते. शंभराची आरडी असते, दोनशेची असते, एखादीची दोन हजारांची. या कामात माणसांच्या पैशांकडे बघण्याची एक सवय लागते. कुठला पैसा आधी निघतो आणि कुठला मागे राहतो ते दिसायला लागतं.

जे दिसलं ते असं. टीव्हीचं रिचार्ज संपलं की पडदा काळा होतो. घरातलं लहान मूल रडतं, म्हातारं माणूस हाक मारतं, दहा मिनिटांत कोणीतरी फोनवरून पैसे भरतं. आरडीचा हप्ता चुकला तर घरात काहीच होत नाही. पोस्ट शंभराला एक रुपया दंड लावतं, तोही पुढच्या महिन्यात कळतो. म्हणून एखादी वहिनी मला दारात म्हणते, "या महिन्याला राहू द्या हो, हात फार आखडलाय," तेव्हा आतल्या खोलीत टीव्ही चालू असतो. यात तिची चूक मला वाटत नाही. ज्या पैशाची हाक मोठी, तो आधी निघतो. बचतीला हाकच नसते. मी कोणाला कधी टीव्ही बंद करा असं सांगितलं नाही, ते माझं काम नाही. पण आमच्या स्वतःच्या घरात हे उलटं करून बघायचं मी २०२३ च्या गणपतीच्या सुमारास ठरवलं.

तेव्हा आमच्याकडे डीटीएच, म्हणजे छपरावरच्या डिशमधून थेट उपग्रहावरून चॅनेल देणारी खासगी सेवा, होतं, दोन टीव्हींवर. एक बाहेरच्या खोलीत, एक आत्याबाईंच्या खोलीत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. महिन्याला पाचशे वीसच्या आसपास जायचे, तेही आपोआप, फोनमधून. पॅक कोणता ते घरात कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. म्हणून मी आधी बिल फोडून बघितलं.

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे, म्हणजे दूरसंचार आणि टीव्ही सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे, नवे नियम लागू झाले, तेव्हाची धांदल आठवत असेल. चॅनेल निवडा, फॉर्म भरा, नाहीतर बंद होईल, असं सगळीकडे चाललं होतं. त्या नियमांत एक गोष्ट चांगली होती: बिलाचे दोन भाग वेगळे झाले. पहिला भाग नुसत्या जोडणीचा, त्याला एनसीएफ म्हणतात. त्याची कमाल मर्यादा तेव्हा १३० रुपये होती, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. आधी त्यात शंभर चॅनेल यायची, २०२० पासून दोनशे. घरातल्या दुसऱ्या टीव्हीला याच्या चाळीस टक्क्यांपर्यंत आकारणी करता येत होती, म्हणजे आणखी ६१ रुपये ३६ पैसे. दोन्ही मिळून २१४ रुपये ७६ पैसे झाले, आणि अजून पैसे देऊन घ्यायचं एकही चॅनेल आलेलं नाही.

दुसरा भाग चॅनेलांचा. प्रत्येक पे चॅनेलची, म्हणजे पैसे देऊन घ्यायच्या चॅनेलची, किंमत जाहीर करावी लागते. ते सुटं घेता येतं किंवा पॅकमधून. पॅकमध्ये घालायच्या चॅनेलची कमाल किंमत मधल्या काळात खालीवर होऊन २०२३ मध्ये पुन्हा १९ रुपयांवर आली. एचडी चॅनेल असेल तर एनसीएफमधली दोनशे मोजताना त्याची दोन धरत. आणि पॅक बांधायची रीत अशी, की ज्या एका चॅनेलसाठी घरातली बाई हट्ट धरते त्याच्यासोबत न बघितली जाणारी पाच-सात जोडून द्यायची. सुटी घेतली तर बेरीज पॅकपेक्षा जास्त दिसते, म्हणून माणूस पॅक घेतो. आमच्या पॅकमध्ये कार्टूनची चार चॅनेल होती, आणि मुलगा अकरावीला.

मग मी कॅलेंडरच्या मागे एक कागद अडकवला. ज्याने जे बघितलं त्याने त्यावर खूण करायची, एवढंच. ह्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "हे काय आता, हजेरी?" पण लिहिलं. मुलाने लिहिलं. आत्याबाईंना लिहायचा कंटाळा, त्यांच्या खुणा मी करायची. महिना संपला तेव्हा कागदावर दहा-बारा चॅनेलांच्या पुढे काही गेलेलं नव्हतं. ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, रात्री आठ-साडेआठला घरी येतात, त्यांच्या नावावर बातम्या आणि क्वचित जुना हिंदी सिनेमा. मुलाच्या नावावर क्रिकेट. माझ्या नावावर जवळजवळ काहीच नाही; मी टीव्ही ऐकते, बघत नाही, कारण तेव्हा मी पोळ्या करत असते. बाकी सगळा कागद आत्याबाईंचा होता. संध्याकाळी सात ते दहा, रोज, रविवारी महाएपिसोड असला तर तोही.

म्हणजे पाचशे वीस रुपये खरं तर आत्याबाईंच्या तीन तासांचे होते. हे कळल्यावर प्रश्न सोपा झाला आणि अवघडही. सोपा, कारण आता चारशे चॅनेलांचा विचार करायचा नव्हता. अवघड, कारण त्या तीन तासांना हात लावायचा मला अधिकार नाही असं मला वाटत होतं, आजही वाटतं.

खर्च कमी करण्याबद्दल लिहिणारी माणसं इथे फार भरभर पुढे जातात. टीव्ही बंद करा, पुस्तकं वाचा, फिरायला जा. आत्याबाईंचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. कृष्णेच्या घाटावर जाणं बंद झालं, ढोल्या गणपतीच्या देवळात संकष्टीला कोणी गाडीवरून नेलं तर जाणं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, जाऊन सात वर्षं झाली. दिवसभर मी बाहेर, हे दुकानात, मुलगा कॉलेजात. संध्याकाळी सातला मालिकेचं शीर्षकगीत लागतं तेव्हा त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी सलग बोलायला लागतं. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "गोष्ट कशीपण असू दे गं, माणसं रोज येतात." याला करमणूक म्हणून बाजूला सारता येत नाही. शिवाय वाईच्या आसपास इतकी चित्रीकरणं होतात, की त्यांना घाट दिसतो, मेणवलीचा वाडा दिसतो, "बघ, ह्या पायऱ्यांवर आम्ही कपडे धुवायचो" असं त्या म्हणतात. जिथे पायांनी जाता येत नाही तिथे त्या पडद्यावरून जाऊन येतात.

म्हणून मी ठरवलं की त्यांना विचारायचं, आणि त्या नाही म्हणाल्या तर विषय संपला. बिलाचा कागद आणि खुणांचा कागद दोन्ही घेऊन एका दुपारी बसले. त्यांना वाचता येतं, हिशेब तर माझ्यापेक्षा चांगला येतो. १५३ रुपये ४० पैशांवर त्यांचं बोट थांबलं. "हे कशाचे?" म्हटलं, नुसत्या जोडणीचे. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी रेडिओचं लायसन असायचं. माझे सासरे दर वर्षी पोस्टात जाऊन भरून यायचे, पुस्तकावर तिकीट लावून मिळायचं. ते वर्षाचं होतं. हे महिन्याचं?" ते लायसन १९८० च्या दशकाच्या मध्यात रद्द झालं, टीव्हीलाही तसंच लायसन असे. ज्या खिडकीवर मी आज यादी भरते तिथेच कधीकाळी रेडिओ ऐकण्याचे पैसे भरले जात होते, हे मला त्या दिवशी त्यांच्याकडून कळलं.

मग त्यांनी मालिका एकेक करून मोजल्या. ही चांगली, ही आता ओढतात, हिच्यात नुसतं विष घालणं चाललंय, ही उगाच लावते कारण पुढची लागायची असते. शेवटी दोन राहिल्या. त्यातली एक शेजारच्या काकूंकडे रोज लागते, भिंतीला भिंत आहे, मध्ये एकच पायरी. "तिथं जाऊन बघीन. ती पण एकटीच असते तेवढ्या वेळात." आणि दुसरी? "दुसरी सोडली." असं त्यांनी स्वतः म्हटलं. मी तरी दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, कारण माणूस सुनेच्या तोंडावर एक बोलतं आणि मनात एक ठेवतं. त्यांनी तेच उत्तर दिलं, वर एक अट घातली: वाचलेले पैसे घरखर्चात मिसळायचे नाहीत. या अटीवर मी पुढे येते.

त्या नाही म्हणाल्या असत्या तर काय करायचं तेही मी काढून ठेवलं होतं, आणि ज्यांच्या घरी म्हातारं माणूस एकाच चॅनेलवर जगतं त्यांनी तेच करावं असं मला वाटतं. पॅक पूर्ण काढून टाकायचा. एका टीव्हीचं एनसीएफ ठेवायचं आणि हवं ते एक किंवा दोन चॅनेल सुटं घ्यायचं. तेव्हाच्या दराने ते दोनशेच्या आत-बाहेर बसत होतं. हे तुम्हाला कोणी आपणहून सांगत नाही, ऑपरेटरच्या ॲपमध्ये खोल कुठेतरी असतं, पण सुटं चॅनेल देणं त्यांना बंधनकारक आहे. फोन करून "सुटी चॅनेल हवीत, पॅक नको" असं ठामपणे म्हटलं की करून देतात.

आम्ही गेलो डीडी फ्री डिशकडे. पुष्कळांना वाटतं ही गरिबांची नाहीतर खेड्यातली गोष्ट आहे. ती प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेची, डीटीएच सेवा आहे, डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ३३ चॅनेलांवर सुरू झाली. महिन्याचे पैसे नाहीत, रिचार्ज नाही, नाव नोंदवणं नाही. एकदा बॉक्स आणि डिश घेतली की झालं. खासगी चॅनेल इथे बघणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत, उलट जागा मिळावी म्हणून प्रसार भारतीच्या ई-लिलावात कोट्यवधी रुपये भरतात आणि जाहिरातींतून मिळवतात. त्यामुळे जाहिराती भरपूर असतात, ते सहन करावं लागतं. आणि लिलाव पुन्हा पुन्हा होतो म्हणून चॅनेल येतात आणि जातात. बॉक्सला अधूनमधून नव्याने स्कॅन करावं लागतं. आत्याबाईंना मी रिमोटवर ते कुठे आहे ते दाखवून ठेवलंय.

डिश नवी घ्यावी लागली नाही. छपरावर खासगी डीटीएचची होतीच, ती आमचीच होती. डिश ही नुसती पत्र्याची वाटी, ती कोणत्या उपग्रहाकडे तोंड करून बसली आहे एवढाच फरक. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, इस्रोचा, नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून सोडलेला. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. वाईहून बघितलं तर तो आग्नेयेला येतो, क्षितिजापासून साधारण साठ अंश वर. ह्यांनी एका रविवारी सकाळी फोनमधलं होकायंत्र लावलं, डिशचे बोल्ट ढिले केले आणि केसभर फिरवून थांबायचं, पुन्हा केसभर फिरवायचं असं सुरू केलं. थांबणं महत्त्वाचं, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला काही क्षण लागतात. घाईत फिरवत राहिलं तर उपग्रह समोरून निघून जातो आणि कळतही नाही. मुलगा खाली टीव्हीसमोर बसून ओरडून आकडा सांगत होता. सिग्नलची पट्टी चढली, मग क्वालिटीची चढेना. एलएनबी, म्हणजे डिशच्या दांडीवरचा तो डबा, जागच्या जागी थोडा वळवला तेव्हा क्वालिटी आली. ज्यांना हे जमणार नाही त्यांना डिश बसवणारा माणूस दोन-तीनशे रुपयांत करून देतो.

दोन टीव्ही म्हणून दोन बॉक्स आणि दोन तोंडांचा एलएनबी लागला. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत बसलं, म्हणजे आमच्या पाच महिन्यांच्या बिलाएवढं. बॉक्स घेताना एमपेग-४ चा, म्हणजे नव्या पद्धतीचे सिग्नल उलगडणारा, घ्यावा. एमपेग-२ चा शे-दोनशेने स्वस्त मिळतो, पण काही चॅनेल त्यावर उघडतच नाहीत.

डिसेंबर २०२३ मध्ये जुनं रिचार्ज संपलं आणि आम्ही ते पुन्हा केलं नाही.

आता घरात काय दिसतं? सह्याद्री दिसतं, सातच्या बातम्या दिसतात. आत्याबाई म्हणतात त्या बातम्यांत कोणी कोणावर ओरडत नाही, एकजण सांगतो आणि आपण ऐकतो. मला हे फार मोलाचं वाटतं. आधी आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला चार माणसं खिडक्याखिडक्यांतून भांडत असायची. मराठी सिनेमांची, जुन्या मालिकांची विनामूल्य चॅनेल मिळाली. कीर्तनं, गाण्यांचे कार्यक्रम सह्याद्रीवर लागतात. डीडी किसानवर ह्यांना पंपांबद्दल काही सापडलं की ते मला हाक मारून बोलावतात. वेगवेगळ्या इयत्तांच्या अभ्यासाची सरकारी चॅनेलही आहेत; मुलाने भौतिकशास्त्राचे काही तास बघितले, मग सोडले, सांगणं संथ आहे म्हणाला. ह्यांना मराठी वृत्तवाहिनी हवी असली तर बहुतेक वाहिन्या यूट्यूबवर थेट असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने वेव्ज नावाचं ॲप काढलं, त्यावर दूरदर्शनचे जुने कार्यक्रम आहेत. ते मुलाने माझ्या फोनवर घेऊन दिलं.

क्रिकेटचं मात्र सविस्तर सांगते, कारण घरोघरी गाडी तिथेच अडते. "मग मॅच कुठे बघायची?" हा पहिला प्रश्न असतो. २००७ चा एक कायदा आहे, खेळांच्या प्रक्षेपणाचे सिग्नल प्रसार भारतीला देणं बंधनकारक करणारा. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून सरकारने जाहीर केलेले सामने ज्या खासगी वाहिनीकडे असतील तिने ते दूरदर्शनला द्यायचे. भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने, विश्वचषकाच्या उपांत्य आणि अंतिम फेऱ्या त्यात येतात. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तो घेतलेला सिग्नल दूरदर्शनने आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचा, खासगी केबल-डीटीएचवरून जाता कामा नये. म्हणजे गंमत बघा, डीडी स्पोर्ट्स केबलवरही असतं, पण तो सामना तिथे दिसत नाही. पैसे भरणाऱ्याला तो पैसे भरलेल्या वाहिनीवरच बघावा लागतो. फ्री डिशवाल्याला तो फुकट दिसतो. हे आमच्या मुलाला आधी पटलं नव्हतं. २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, बार्बाडोसला, भारत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सात धावांनी जिंकला. आमच्या बाहेरच्या खोलीत मुलाचे मित्र, शेजारच्या काकू, आत्याबाई, सगळे होते. पावसाळा सुरू झालेला, जोराची सर आली की चित्राचे चौकोन होतात, ते पैसे भरलेल्या डिशवरही होत होतं. शेवटच्या षटकांत आभाळ कृपाळू राहिलं.

आयपीएल या यादीत येत नाही. २०२३ ला ती फोनवर फुकट होती, पुढे ते दिवस संपले. मुलगा मित्राकडे जातो किंवा धावफलक बघतो. आणि इथे एक धोका सांगावासा वाटतो. ज्यांनी डिश बंद केली अशी दोन-तीन घरं मला माहीत आहेत, त्यांनी एका सामन्यासाठी एक ॲप घेतलं, एका मालिकेसाठी दुसरं, मग त्यासाठी फोनचा मोठा प्लॅन. वर्षाचे पैसे एकदम कापले जातात म्हणून महिन्याच्या हिशेबात ते दिसत नाहीत. बेरीज केली तर आधीच्यापेक्षा जास्त निघते. ॲप घ्यायला माझा विरोध नाही, पण ते त्याच कागदावर लिहिलं पाहिजे.

आता आत्याबाईंची अट. त्या म्हणाल्या होत्या, पैसे मिसळायचे नाहीत. त्यांचं म्हणणं माझ्या धंद्याचंच होतं. पाचशे वीस रुपये वाचले आणि घरातच राहिले तर ते दिसतच नाहीत. भाजीत जातात, पेट्रोलमध्ये जातात, मुलगा मागतो त्याला जातात. वर्षाने विचारलं तर कोणाला सांगता येत नाही कुठे गेले. म्हणून ज्या महिन्यात रिचार्ज थांबलं त्याच महिन्यात पाचशेची आरडी उघडली, आत्याबाईंच्या नावावर, कारण मालिका त्यांनी सोडली होती. माझ्या एजन्सीतून नाही, थेट खिडकीवर, म्हणजे त्यात माझं कमिशन वगैरे काही नको.

तेव्हा दर ६.७ टक्के होता, ऑक्टोबर २०२३ पासूनचा. खातं उघडताना जो दर असतो तोच पाच वर्षं राहतो, मध्ये बदलत नाही. महिना ५०० प्रमाणे साठ हप्ते म्हणजे ३०,००० रुपये, आणि डिसेंबर २०२८ मध्ये हातात येतील ३५,६८३. पोस्टात ज्येष्ठ नागरिकाला आरडीवर जादा दर नाही, हे आत्याबाईंना आवडलं नाही, आणि त्यांनी ते पोस्टमास्तरांना सांगितलं.

पैशांचं काय करायचं ते त्यांनी आधीच ठरवलंय. परसातल्या बाथरूममध्ये कमोड, धरायला दोन्ही बाजूंनी दांडे आणि न घसरणारी फरशी. बारा हप्ते झाले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, म्हणून मी म्हटलं, आत्ताच करून घेऊ, गुडघे २०२८ पर्यंत थांबणार नाहीत. त्या म्हणतात व्याज देऊन संडास बांधायचा नाही. दर दिवाळीला आमचा यावर वाद होतो. एक दांडा मात्र ह्यांनी दुकानातला पाइप कापून बसवून दिला, त्याला पैसे लागले नाहीत.

दुसरी मालिका सोडल्याचं त्यांना वाईट वाटलं का, असं मला काहींनी विचारलं. पहिले दोन-तीन महिने वाटलं. काकूंना त्या "तिचं पुढं काय झालं?" असं विचारायच्या आणि काकू सांगायच्या. काकूंनाही ती मालिका सांगायला कोणीतरी मिळालं. रात्री आठला आत्याबाई पायरी उतरून जातात, नऊला मी त्यांना आणायला जाते. कधी कधी मीच तिथे टेकते. हिशेबात हे कुठे मांडता येत नाही, पण त्या आधी रात्री दहापर्यंत एकाच खुर्चीवर असायच्या, आता निदान एकदा उठून, चार पावलं चालून, दुसऱ्या घरात जातात.

जुलै २०२४ मध्ये ट्रायने एनसीएफवरची १३० रुपयांची मर्यादा काढून टाकली. आता ते किती घ्यायचं हे कंपनीने ठरवायचं. म्हणून वर मी दिलेले आकडे आमच्या तेव्हाच्या बिलाचे आहेत, तुमचं बिल तुम्ही स्वतः फोडून बघा.

ज्यांना बंद करायचं आहे त्यांनी एवढं सांभाळावं. आधी फोनमधलं आपोआप कापलं जाणारं पेमेंट, म्हणजे ऑटोपे, यूपीआय ॲपमध्ये जाऊन रद्द करा. नुसता बॉक्स काढून ठेवला तर पैसे कापले जात राहतात. खात्यात शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत वापरा किंवा परत मागा. बॉक्स तुमचा की भाड्याचा ते जुन्या पावतीवर बघा, भाड्याचा असेल तर परत देऊन पोच घ्या. आणि आरडी उघडायची असेल तर तारीख बघून उघडा. महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत खातं उघडलं तर पुढचा प्रत्येक हप्ता पंधराच्या आत भरावा लागतो, सोळा तारखेला किंवा त्यानंतर उघडलं तर महिनाअखेरपर्यंत चालतो. ज्यांचा पगार सात-आठ तारखेला होतो त्यांना पहिलं सोयीचं, ज्यांच्याकडे पैसा महिन्याच्या शेवटी फिरतो त्यांनी सोळाची वाट बघावी.